आयपीसमधली चंद्रकोर
वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोडसर वास आला की अहेरीचं आमचं अंगण आठवतं. पंच्याऐंशीचा उन्हाळा असेल. मामानं स्वतः आरसा घासून दुर्बीण केली होती, आणि तिन्हीसांजेला आईनं नळीच्या कडेला बसवलेल्या भिंगाला, आयपीसला, डोळा लावला. "काईच दिसून नाई राह्यलं ना, भाऊ," ती म्हणाली. मामा आयपीस हळूहळू आत सरकवत गेला. "थांब! चंद्राले अशी धार असते? तुमाले रोजच अशी दिसते का?" ती उठल्यावर, तिच्या नजरेला जुळवलेल्या त्याच आयपीसमधून मी पाहिलं, तर कोर नव्हतीच, नुसता पिंजलेला कापूस. आता मलाही चष्मा लागलाय. कधी तो काढून वर बघते, तेव्हा तोच कापूस दिसतो. आई इतकी वर्षं त्यालाच चंद्र म्हणत होती.