उजवीकडून गेलेली धमनी

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी करायला मी विट्याला गेले ती शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून. दुपारनंतर आठवीचा गणिताचा तास होता आणि तो घ्यायला मी परत येणार होते. मायणीजवळच्या आमच्या गावाहून विटा काही लांब नाही. सोबत सासूबाई होत्या. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. नवरा लष्करात, तेव्हा राजस्थानात होता.

विट्याचे डॉक्टर वयस्कर आणि बोलके. पोटावरून यंत्र फिरवताना ते प्रत्येक गोष्ट सांगत होते, हे डोकं, हा कणा, ही बघा टाच. छातीपाशी आले आणि बोलायचे थांबले. मला एका कुशीवर वळायला सांगितलं, मग दुसऱ्या. मग म्हणाले, "बाहेर जरा चालून या. काहीतरी गोड खा. बाळ हललं की परत बघू."

आत्यांनी समोरच्या दुकानातून पेढे आणले. मी बोळात येरझाऱ्या घालत पेढे खाल्ले. परत आडवी झाले तेव्हा डॉक्टरांनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि हात पुसत सांगितलं, "हृदय चांगलं आहे. चारही कप्पे नीट आहेत. पण त्यातून निघणारी जी मोठी धमनी असते, ती साधारण श्वासनलिकेच्या डावीकडून वळते. इथं ती उजवीकडून वळलीय असं मला वाटतंय. मिरजेला गर्भातल्या बाळांच्या तज्ज्ञ आहेत, त्यांना दाखवा. घाबरू नका."

मुलांना आलेखावर डावं-उजवं शिकवण्यात माझी काही वर्षं गेलेली. तरी तिथं मला साधा प्रश्न सुटेना की उजवीकडे म्हणजे कुणाच्या उजवीकडे. माझ्या, पडद्याच्या, की बाळाच्या? बाळ तर डोकं खाली करून आणि माझ्या पाठीकडे तोंड करून होतं. मी विचारलं नाही. तासाला उशीर होईल, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. तास मी घेतलाही. काय शिकवलं ते आठवत नाही.

येताना एसटीत आत्या म्हणाल्या, "उजवीकडनं जाती म्हंजी चांगलंच की गं. त्यात भ्यायचं काय?" मायणी आली. मग आपणहूनच म्हणाल्या, "पर उजव्या सोंडेच्या गणपतीचं लय कडक असतंय."

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. आवाज तुटत होता.

"नीट सांग. लेफ्ट का राईट?"

"राईट."

"मग राईटला काय प्रॉब्लेम?"

"श्वासनलिकेभोवती विळखा बसू शकतो म्हणे." हे मी तोवर मोबाईलवर वाचलं होतं.

"बसू शकतो का बसलाय?"

"माहीत नाही."

"मग माहीत काय आहे?" तो चिडून नव्हता विचारत. त्याला खरंच कळायचं होतं.

मिरजेच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या निघाल्या. त्यांनी खूप वेळ तपासलं, अधूनमधून रंग लावून. पडद्यावर निळं-तांबडं रक्त धावताना दिसायचं. ते इतकं सुंदर दिसत होतं की यात काही चुकीचं असेल असं वाटेना. झाल्यावर त्यांनी टेबलावरचं पेन उभं धरलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा नि बोट त्याच्याभोवती वळवलं.

"हे पेन म्हणजे श्वासनलिका, तिच्यामागे अन्ननलिका. हा अंगठा म्हणजे महाधमनी, ती उजवीकडून गेलीय. हे बोट म्हणजे एक छोटी रक्तवाहिनी, ती डावीकडून जाते. दोन्ही मागे जाऊन मिळतात. म्हणजे असं कडं तयार होतं."

"घट्ट आहे का?"

"ते आत्ता नाही सांगता येणार. बाळ अजून हवेतून श्वासच घेत नाहीये."

हे मला शाळेपासून माहीत होतं. तरी त्या क्षणी मी दचकले. माझ्या पोटात कुणीतरी श्वास न घेता जगत होतं आणि आम्ही सगळे त्याच्या श्वासाची काळजी करत होतो.

पुढचं त्यांनी हळूहळू सांगितलं. पुष्कळ मुलांना या कड्याचा कधी पत्ताही लागत नाही. काहींचा श्वास वाजतो, काहींना घास अडकतो, त्यांच्यावर शस्त्रक्रिया करता येते. आणि काही थोड्या बाळांमध्ये याच्यासोबत गुणसूत्राचा एक बारीक तुकडा गळालेला असतो. तसं असेल तर इतर आजार येऊ शकतात, शिकायला जड जाऊ शकतं. ते बघायचं तर पोटातून सुईने गर्भजल काढून तपासावं लागतं. त्या सुईने गर्भ पडण्याचा धोका अगदी थोडा, पण असतो.

मी शंभरात किती ते विचारलं. त्यांनी आकडे सांगितले. आकडे मला कळले. त्यात माझं बाळ कुठे बसतं ते कळलं नाही.

"आवं डाक्टरीणबाई," आत्या मध्येच म्हणाल्या, "तुमची ल्येक असती तर तुमी काय केलं असतं?"

बाई म्हणाल्या, "खरं सांगू का, मलाही लगेच ठरवता आलं नसतं. पण फार दिवस थांबू नका. पुढे काही निर्णय घ्यायचा झाला तर कायद्याने त्याला मुदत आहे."

कसला निर्णय, हे आत्यांनी विचारलं नाही. मीही त्यांना सांगितलं नाही. त्यांना कळलं होतं असं मला नंतर वाटलं.

नणंद साताऱ्याला असते. तिने आग्रह केला की एकदा साताऱ्यात दाखव, एकाच डॉक्टरवर कशाला जायचं. तिथले डॉक्टर घाईत होते. त्यांनी थोडं बघून सांगितलं, "मला तर सगळं व्यवस्थित वाटतंय. बाळ पालथं आहे, छाती नीट दिसत नाही, पण काळजीचं कारण नाही." नणंदेने घरी नेऊन गोड शिरा केला. "झालं मग," ती म्हणाली. मी शिरा खाल्ला. मला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही होता, पण छाती नीट दिसत नाही हे वाक्य मला सोडत नव्हतं.

नवरा फोनवर खूश झाला. "मग आपण साताऱ्याचं धरूया."

"धरूया म्हणजे? त्या धमनीला काय कळणार आपण कुठलं धरलंय ते?"

मग तो म्हणाला, "सुई नको. बाळाला काही झालं तर?" दुसऱ्या दिवशी म्हणाला, "करूनच टाकूया." तिसऱ्या दिवशी, "तू म्हणशील ते." आणि मी काय म्हणत होते? सकाळी भाकरी थापताना करायची, शाळेत पोचेपर्यंत नको. मुलांच्या वह्या तपासताना मी बरोबर उत्तरांना चूक देत होते. एका मुलीने वही परत आणून दाखवली तेव्हा कळलं.

एका दुपारी आत्या अंगणात मटकी निवडत होत्या. मी शेजारी जाऊन बसले. त्या सूप हलवत म्हणाल्या, "तुजा नवरा झाला तवा आमी मेंढरं घिऊन चिपळूनच्या अंगाला हुतो. झाडाखाली झाला. आत काय हाय, कोन बघतंय?"

"भीती नव्हती वाटली?"

"वाटली की. त्येच्या आदी दोन गेली हुती माजी. एक महिन्याचं हून, एक चार दिसांचं. दुसरं तर नुसतं घुरघुरायचं. कोन म्हनलं नजर लागली, कोन म्हनलं थंडी भरली." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "त्यांच्या नळ्या कुटनं जात हुत्या कोन जानं."

आत्यांची दोन मुलं गेल्याचं मला लग्नाला चार वर्षं होईतो कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तरी माहीत होतं का, ते मी अजून विचारलेलं नाही.

"मग मी काय करू, आत्या?"

"मला न्हाई कळत, बाई. मला कळलं असतं तर सांगितलं असतं की."

त्यांनी तसं म्हटल्यावर मला बरं वाटलं. तोवर प्रत्येकजण मला धीर देत होता. एवढ्यावरून मी दुसऱ्या दिवशी मिरजेला फोन करून सुईची वेळ कशी घेतली, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित विचार करून दमले होते.

सुई फार दुखली नाही. पोटातून पिवळसर पाणी नळीत आलं. त्यानंतर काही दिवस मी पोटावर हात ठेवूनच वावरत होते. बाळ हललं की हायसं वाटायचं आणि जास्त हललं की पुन्हा भीती. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला. "निगेटिव्ह आहे." मी आत्यांना सांगितलं.

"निगेटिव म्हंजी वाईट?"

"नाही, चांगलं."

"व्हय, कोरोनात पन तसंच हुतं," त्या म्हणाल्या आणि देवापुढे साखर ठेवली. गुणसूत्रं नीट होती. पण कडं होतं तिथंच होतं.

बाळंतपण मिरजेला करायचं ठरलं, जवळ लहान मुलांचे डॉक्टर असावेत म्हणून. नवऱ्याला रजा मिळाली आणि तो वेळेवर पोचला. मुलगी झाली. ती मोठ्याने रडली. डॉक्टर म्हणाले, "आवाज छान आहे." मी नवऱ्याकडे बघितलं, तो भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. आम्हाला वाटलं, सुटलो.

पहिले काही आठवडे ती चांगली होती. मग दूध पिताना तिच्या गळ्यातून बारीक घरघर यायला लागली. रडली की वाढायची. गावातले डॉक्टर म्हणाले, सर्दी आहे. नणंद म्हणाली, माझ्या थोरल्यालाही असायची. मी पाळण्याला कान लावून बसायचे. मी आधी वाचलं होतं म्हणून मला ऐकू येतंय, की खरंच वाजतंय? नवऱ्याला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. तो म्हणाला, "मला पंख्याचा आवाज येतोय."

आत्यांनी तिला मांडीवर घेतलं, थोडा वेळ ऐकलं आणि तिला माझ्याकडे देत म्हणाल्या, "आवर. मिरजेला जायचं."

तिथं सीटी स्कॅन झाला. पोटात असताना जे दिसलं होतं ते बरोबर होतं, पण अपुरं होतं. मोठी कमान उजवीकडून होतीच, पण डावीकडूनही दुसरी एक कमान होती, धाग्यासारखी बारीक, त्यामुळे सोनोग्राफीत दिसली नव्हती. दोन्ही मिळून पक्कं कडं झालं होतं आणि श्वासनलिका मध्ये चिमटली होती. मी डॉक्टरीणबाईंना भेटायला गेले. मनात राग धरून गेले होते. त्या फिल्म बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही मला दिसली नाही." मग म्हणाल्या, "पण कडं आहे हे माहीत होतं म्हणून तुम्ही इतक्या लवकर आलात." दोन्ही खरं होतं. रागाचं काय करायचं ते मला समजेना.

शस्त्रक्रिया पुण्यात झाली. डाव्या बाजूने, दोन बरगड्यांच्या मधून, ती बारीक कमान कापली. ते ऐकायला सोपं वाटतं. मी बाहेर बसले होते, नवरा उभाच होता, आत्या जपमाळ घेऊन आल्या होत्या पण ती पिशवीतच राहिली. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "झालं. सुटली श्वासनलिका."

पण घरघर थांबली नाही. घरी आल्यावरही रात्रंदिवस तसाच आवाज. मी फोन केला तर म्हणाले, इतके दिवस दाबली गेल्याने नळी मऊ पडली आहे, घट्ट व्हायला वेळ लागेल, काही महिने, कदाचित वर्षही. म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी होती आणि आवाज तोच होता. लोक बघायला येत, ऐकत आणि विचारत, "मग ऑपरेशन कशाला केलं?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे. नंतर चहा टाकायला आत जायचे.

तो आवाज कधी गेला, हे मला सांगता येत नाही. एक दिवस तो नव्हता, एवढं खरं. पण त्याच्या आदल्या दिवशी होता का, ते आठवत नाही. आता ती अडीच वर्षांची आहे. अंगणभर पळते, भाकरी दुधात कुस्करून खाते. हिवाळ्यात सर्दी झाली की खोकला भुंकल्यासारखा येतो आणि मी नि आत्या दोघीही हातातलं काम टाकून ऐकत राहतो.

गेल्या वर्षी विट्याच्या डॉक्टरांनी मला एका बाईंशी बोलाल का असं विचारलं. आटपाडीकडच्या, पाचवा महिना, सोनोग्राफीत तेच दिसलेलं. मी हो म्हटलं. त्यांनी फोनवर पहिलंच विचारलं, "ताई, मी काय करू?" मी त्यांना सगळं जसं झालं तसं सांगितलं, पेढ्यांपासून. काय करा हे सांगता आलं नाही. त्या मधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत होत्या.

त्यांनी सुई घेतली नाही. त्यांना मुलगा झाला. त्याची घरघर नाही, घास अडकत नाही, डॉक्टर म्हणतात कडं सैल आहे, नुसतं लक्ष ठेवा. त्यांनी मला व्हिडिओ पाठवला. मुलगा केळं खातोय, मजेत. मी तो आवाज वाढवून ऐकला, पुन्हा लावून ऐकला. काहीही वाजत नव्हतं. मला खूप बरं वाटलं. आणि त्याच्यासोबत आणखी काहीतरी वाटलं, ज्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही. आत्या शेजारून डोकावत म्हणाल्या, "कुनाचं गं ह्ये? गुटगुटीत हाय." मी म्हटलं, आटपाडीचं आहे, आणि फोन त्यांच्या हातात दिला.