पलंगाखालची जागा

वसईहून दुबईला आलो तेव्हाच माझ्या नवऱ्याने ठरवून टाकलं होतं, वस्तू घ्यायची ती घरी न्यायला. घरी म्हणजे वसईला. दुबईच्या करामा भागातला फ्लॅट नुसता मुक्कामाचा. त्यामुळे आमच्या पलंगाखाली मिक्सर, इस्त्री आणि पांढराशुभ्र डिनर सेट, सगळं प्लॅस्टिकसकट बारा वर्षं पडून होतं. आम्ही जेवत होतो टवके उडालेल्या मेलामाइनच्या ताटल्यांत. ओळखीतल्या सगळ्यांच्या पलंगाखाली हेच, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मलाही नाही.

मग शहरातल्या नव्या मॉलमध्ये स्कीइंगसाठी कृत्रिम बर्फाचा उतार सुरू झाला. ऑफिसच्या ग्रुपबरोबर एकदा गेले, इतकी आपटले की मोजणं सोडलं, आणि तरी दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्च आटोपून जाऊ लागले. चाळिशी उलटलेली, गुडघे काळेनिळे. काही महिन्यांत वरच्या टोकापासून न पडता खाली यायला लागले. पण भाड्याच्या स्कीच्या कडा बोथट असायच्या, आणि काउंटरवरचा माणूस माझ्याकडे एकदा बघून सगळ्यांत आखूड जोडी पुढे सरकवायचा. मला माझी स्वतःची हवी होती.

"घरी नेऊन काय करणार तिचं? कपडे वाळत घालणार?" नवऱ्याने विचारलं.

"घरी नेणारच नाही. इथेच वापरणार."

"लेट हर, डॅडी," मुलगी पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली. त्याला हे अजिबात पटलं नाही.

दुकानातल्या विक्रेत्याने न विचारताच फुलाफुलांची एक जोडी काढली. "मॅडम, ये सॉफ्ट है. लेडीज, बिगिनर, सबके लिए बेस्ट."

माझं डोकंच फिरलं. मी बाकीच्या सगळ्या काढायला लावल्या, एकेक जमिनीवर टेकवून, दाबून बघितली. अरुंद होती ती टणक बर्फावर छान पकड घेते, पण भुसभुशीत बर्फात रुतते. रुंद होती ती ताज्या खोल बर्फासाठी, आणि दुबईत आभाळातून बर्फ पडायची वाट कोण बघणार? आमचा उतार सकाळी घट्ट असतो आणि दुपारपर्यंत लोक त्याचे ढिगारे करून ठेवतात. मला दोन्ही वेळा चालेल अशी हवी होती. शेवटी मधल्या रुंदीची, माझ्या नाकापर्यंत येणारी, जरा ताठ अशी सापडली.

"ये तो ऑल-माउंटन है मॅडम, पूरे पहाड़ के लिए. यहाँ तो एक ही ढलान है."

"ढलान एक है, पर सुबह अलग होता है और दोपहर को अलग. यही दीजिए."

घरी आले तर एवढी लांब वस्तू ठेवायला पलंगाखालचीच जागा. नवरा उठला, प्लॅस्टिकचा रोल आणि चिकटपट्टी घेऊन आला आणि माझी स्की गुंडाळायला बसला. "नवी राहील," म्हणाला.

तो मायेनेच करत होता, हे मला कळत होतं. डिनर सेट बांधताना चिकटपट्टी मीच तर फाडून दिली होती. तरीही प्रचंड संताप आला. माझी बारा वर्षंही अशीच बांधून ठेवली होती आम्ही दोघांनी, आणि ती कुठल्याच घरी पोचणार नव्हती. मी त्याच्या हातातून रोल काढून घेतला. स्कीला जागा व्हावी म्हणून डिनर सेटचा खोका बाहेर ओढला आणि तो फोडला.

ताटल्या धुतल्या, पुसल्या, टेबलावर मांडल्या. सुरमईचा रस्सा तयार होता. त्याने समोरची कोरी ताटली दोन्ही हातांनी उचलून धरली.

"ओरखडे पडतील," तो म्हणाला.

"पडू देत," मी म्हटलं, ताटली त्याच्या हातातून घेतली आणि भात वाढला.