कोरड्या मातीचा डबा

कृषी महाविद्यालयात शिकत असताना मी औंढ्याच्या आमच्या खाचरातली माती दोन डब्यांत भरून पडवीत ठेवली होती. ओल गेली की मातीतले सूक्ष्मजीव मरगळतात आणि पालापाचोळा कुजवणारी त्यांची एन्झाइम्सही मंदावतात. हे मला स्वतः तपासायचं होतं. मी होस्टेलवर राहायची, म्हणून काम वडिलांवर सोपवलं. एका डब्यात रोज जरासं पाणी शिंपडायचं, दुसऱ्याला अजिबात हात लावायचा नाही, असं त्यांना दोनदा बजावलं.

महिन्याने घरी येऊन पाहिलं, तर दोन्ही डब्यांतली माती सारखीच काळी, ओलसर. कोरडी म्हणून ठेवलेल्या मातीत बुरशीचे पांढरे, नाजूक धागेसुद्धा पसरले होते. माझं डोकंच फिरलं. महिना वाया घालवलात, असं मी त्यांना तोंडावर म्हणाले.

ते हळूच म्हणाले, "एकीला रोज पाजायचं आन दुसरीला नुसतं बघत बसायचं, मला न्हाई जमलं पोरी."

पुढच्या खेपेला कोरडा डबा मी परंदवडीला मैत्रिणीकडे ठेवला. आमच्या घरात तो कोरडा राहिला नसता.