मास्तरांचा सरळ खांदा

शिवणाऱ्या मास्तरांना बघून चालण्याची आठवण कुणालाच झाली नसती. घराचा जिना उतरायचा, रस्ता ओलांडायचा, दुकानाचं शटर वर करायचं, संपला त्यांचा दिवसभराचा प्रवास. मग संध्याकाळपर्यंत मशीन, कात्री आणि इस्त्री. मान खाली, पाठ गोल आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं उतरलेला, कारण जड कात्री उभा जन्म त्याच हातात होती. ओठांत टाचण्या धरायची सवय इतकी मुरलेली की घरी टाचण्या नसतानाही बायकोच्या बोलण्याला उत्तर एकच, "हं."

बायको शाळेत पीटी शिकवायची, म्हणून तिला शेजारीपाजारी सगळे बाईच म्हणायचे. मास्तर जितके वाकलेले तितक्या बाई ताठ. त्यांचं चालणाऱ्यांचं एक मंडळ होतं. हे मंडळ वर्षातून एकदा पहाटे निघून थेट धरणापर्यंत चालत जायचं. अंतर तीस किलोमीटर. बाई आणि पोस्टात काम करणारी त्यांची मैत्रीण या दिवसाची वर्षभर वाट बघायच्या. दोघी जेवणाच्या आत पोचायच्या आणि मागून येणाऱ्यांना हात हलवून दाखवायच्या. संध्याकाळी मास्तर विचारायचे, "कसं झालं?" तेही तोंडातल्या टाचण्या काढून. यापेक्षा जास्त आस्था दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

यंदा मैत्रीण नोकरीतून मोकळी झाली आणि लेकीकडे लांब राहायला गेली. बाईंनी चालण्याचे बूट पुसले आणि कपाटावर टाकून दिले. "एकटीनं कसलं चालायचं? झालं आता ते," असं म्हणून त्या संध्याकाळी टीव्हीसमोर बसायला लागल्या. ज्या बाईला आयुष्यात खुर्ची कधी धार्जिणी नव्हती, ती रिमोट घेऊन बसलेली मास्तर रोज बघायचे. त्यांनी महिनाभर कळ काढली. मग एक दिवस जेवताना म्हणाले, "मी येतो."

"कुठे?"

"धरणावर. तुझ्याबरोबर."

बाईंना ठसकाच लागला. "अहो, तुम्हाला कोपऱ्यावर दूध आणायला स्कूटर लागते!"

पण बूट कपाटावरून खाली आले.

पीटीच्या बाईंना घरबसल्या विद्यार्थी मिळाल्यावर काय होतं, हे ज्याचं त्यालाच कळतं. रोज दुकान उघडण्याआधी मास्तर भिंतीला हात टेकून, एक पाय मागे घेऊन पोटऱ्या ताणत उभे. "टाच जमिनीला टेकू द्या. आणि झटके देऊ नका, पोटरी आहे ती, शटर नाही!" असं ओरडणं सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. मग जमिनीवर आडवं पडून तळव्याला पट्टी अडकवून पाय वर ओढायचा. बाईंनी त्यासाठी मापाची टेप उचलली तेव्हा मास्तर पहिल्यांदा चिडले. टेप ताणली गेली तर गिऱ्हाइकं घरी येऊन मारतील म्हणाले, आणि कॅनव्हासची पट्टी शिवून घेतली. मोज्यांची शिवण बोटांना घासून फोड आला, तेव्हा मोजे उलटे घालायची युक्ती मात्र त्यांची. ती बाईंनी मंडळात स्वतःच्या नावावर खपवली.

सगळ्यात अवघड होतं बोलणं. बाईंचा नियम असा, की चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली की समजायचं, वेग जास्त झाला. आता जो माणूस मुळात बोलतच नाही त्याची धाप कशी कळणार?

"बोला काहीतरी," बाई म्हणायच्या.

"काय बोलू?"

"काहीही."

मास्तर पुढच्या माणसाकडे बघून म्हणायचे, "याची पँट मागून ओढतेय." थोडं पुढे गेल्यावर, "हिचा गळा मोठा झालाय." बाई कपाळाला हात लावायच्या. नजर लांब ठेवा, मान वर, खांदे सैल, असं घोकून घेतलं तरी मास्तरांची नजर जगाच्या शिवणीवरच. पण हळूहळू शिवणी संपल्या. मग एका सकाळी त्यांनी काम शिकताना उस्तादाच्या नव्या कोटाला तिसरी बाही कशी लावली होती ते सांगितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात बाईंनी ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. त्या रस्त्यात थांबून पोट धरून हसल्या.

सगळं सुधारलं, खांदा तेवढा सुधारेना. बाई मागून चालत बघायच्या आणि रोज तेच म्हणायच्या, "उजवा खाली." मास्तरांनी आरशासमोर उभं राहून पाहिलं. खांदा उचलला की मान आखडायची, सोडला की पुन्हा घसरायचा. मग त्यांनी तेच केलं जे एखादा शिंपीच करेल. वाकड्या माणसाला सरळ दाखवणं हेच तर त्यांच्या पोटापाण्याचं काम होतं. चालण्याच्या सदऱ्याला उजव्या बाजूने आतून एक पॅड शिवलं, बेताचं, कुणाच्या बापाला कळणार नाही असं.

दुसऱ्या दिवशी बाई मागून बघतच राहिल्या. "अहो, जमलं की! मी म्हटलं नव्हतं?" त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी अंतर वाढवलं, आणि पाण्याच्या बाटल्यांची सॅक मास्तरांच्या पाठीवर दिली. शरीर सरळ झालंय, आता ओझं पेलेल, हा त्यांचा हिशोब. मास्तरांनी ती अडकवली. त्यांनी पुन्हा तोंड शिवून घेतलं. सॅकचा पट्टा पॅडवरून सारखा घसरायचा, तो सावरायला मास्तर आणखी वाकडे चालायचे, आणि वाटेतल्या चढावर कमरेत अशी उसण भरली की घरी आणायला शेजाऱ्यांची गाडी बोलवावी लागली.

मास्तर पालथे पडून होते. बाईंनी सदरा धुवायला काढला, आणि पिळताना पॅड हाताला लागलं.

"हे काय आहे?"

मास्तरांनी उशीत तोंड लपवलं.

"गिऱ्हाइकांना फसवता ते फसवता, आता मलाही?"

"गिऱ्हाइकांना सांगून करतो," मास्तर उशीतून म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलंत? मी तुमच्या पाठीवर ओझं दिलं! काही मोडलं असतं म्हणजे?" बाईंचा आवाज चढला आणि मध्येच फाटला.

मास्तरांनी कण्हत कूस बदलली. "तू म्हणाली असतीस, जमत नाही तर राहू दे. आणि मग तूही घरी बसली असतीस. तुला त्या टीव्हीसमोर बघवत नव्हतं गं मला."

बाई ओला सदरा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. राग गेला नव्हता, पण तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी म्हणाल्या, "खांदा वाकडा तर वाकडा. कंबर बरी करा आधी." त्या दिवसापासून सॅक बाईंच्या पाठीवर गेली आणि उजव्या खांद्याचं नाव घरात कुणी काढलं नाही. पाठ धरू नये म्हणून मास्तर आता दर थोड्या वेळाने मशीनवरून उठून हात वर ताणायचे, आणि मापाला आलेलं गिऱ्हाईकही नकळत ताणायचं.

धरणाचा दिवस उजाडला. अर्धी वाट झकास झाली. मास्तरांनी शाळेतून पळून जाण्यापासून लग्नाआधी बाईंना लपून बघायला जाण्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. पण ऊन चढलं, मंडळातले लोक पुढे निघून गेले, आणि मास्तरांच्या पोटरीत गोळा आला. ते रस्त्याकडेच्या दगडावर मटकन बसले. बाईंनी त्यांचा पाय मांडीवर घेऊन बोटं वर दाबली. तेवढ्यात दमलेल्यांना गोळा करत येणारी मंडळाची गाडी शेजारी थांबली.

"बसा काका," ड्रायव्हर म्हणाला. "मागे कुणीच उरलेलं नाही. अजून बरंच अंतर आहे."

बाईंनी पायाकडे बघितलं आणि स्वतःच गाडीचं दार उघडलं. "चला. पुष्कळ झालं. तुम्ही आलात यातच सगळं आलं."

मास्तर दगडाला धरून उठले आणि त्यांनी दार लावून टाकलं. "तुझ्यासाठी म्हणून निघालो होतो, ते खरं," ते म्हणाले. "पण आता मलाच चालायचंय. तुझ्याबरोबर चालायला मला आवडतं."

ड्रायव्हर दुसरीकडे बघायला लागला. बाईंनी डोळे पुसून सॅक पाठीवर टाकली आणि गाडी पुढे गेली.

दोघं धरणावर पोचले तेव्हा मंडळाचं टेबल, खुर्च्या, सरबताचं पिंप सगळं उचललेलं होतं. रखवालदार तेवढा फाटकाला कुलूप लावत होता. बाईंनी भिंतीवर बसून बूट काढले आणि मैत्रिणीला फोन लावला.

"हो, पोचलो! नाही गं, एकटी कुठे? आमचे हे आहेत ना." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. एरवी जेवणाच्या आत पोचणाऱ्या बाई खो खो हसत म्हणाल्या, "कितवे काय? सगळ्यांच्या शेवटी!"

मैत्रीण गेल्यापासून बाई फोनवर अशा हसल्या नव्हत्या. मास्तर शेजारी बसून ते हसू ऐकत राहिले, आणि त्यांना फार फार बरं वाटलं.