रंग गेला आणि त्या पाण्याचा चहा झाला

आजच घडलंय, म्हणून लगेच लिहितेय.

मी शहाद्याकडे कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. कापड रंगवल्यावर उरलेल्या सांडपाण्यात आम्ही प्रयोगासाठी पेरॉक्साइड आणि लोखंडाची अतिसूक्ष्म चुंबकीय पूड टाकतो. रंग तुटतो, मग चुंबकाने पूड ओढून घेतो. लालभडक पाणी नितळ दिसतं.

आज दुपारी आमची लॅब सांभाळणाऱ्या रनाळ्याच्या तुळसाबाईंनी चहा दिला. नळाचं पाणी खारं, म्हणून लॅबमधला चहा डिस्टिल्ड वॉटरचाच असतो. दोन घोट घेतले आणि टेबलाकडे लक्ष गेलं. कालच्या प्रयोगाचं पाणी मी डिस्टिल्डच्याच कॅनमध्ये ठेवलं होतं, चिठ्ठी न लावता. कॅन अर्धा रिकामा!

"तुळसाबाई, चहाला कुठलं पाणी घेतलं?" मी किंचाळलेच.

"त्याच कॅनमधलं, मॅडम. तुम्हीच ते पाव्हनासले सांगं ना, पानी साफ व्हई गयं म्हनीसन!"

त्यांचा कप तर संपलाही होता. डॉक्टर म्हणाले, दोघींनी दोन दिवस जपून राहा.

रंगाचे तुकडे झाले, पण ते तुकडे विषारी आहेत का, हे आम्ही अजून तपासलेलंच नाही. तरी काल प्रयोग पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर छाती फुगवून 'साफ' म्हणाले ती मीच.

तुमच्या घरचं पाणी साफ आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?