रोवण्यातली तिची जागा

बत्तीस वर्षं मी एसटी चालवली, त्यातली निम्मी आरमोरी-नागपूर रस्त्यावर. रिटायर झाल्यावर त्याच रस्त्याने बायकोला दवाखान्यात नेऊ लागलो, तेव्हा कळलं हा रस्ता केवढा लांब आहे ते. तिच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली होती. ऑपरेशन झालं, मग दर तीन आठवड्यांनी एक असे केमोचे सहा डोस ठरले. ती खिडकीला डोकं टेकून बसायची आणि मी ड्रायव्हरच्या चुका काढायचो. गिअर उशिरा टाकला, ब्रेक कोणी असा मारते का! ती डोळे न उघडता म्हणायची, "तुमी आता पासिंजर आहा. गप बसा ना जी." मी मुद्दाम जास्तच बडबडायचो. मला रागावते तेवढा वेळ तिला मळमळ आठवत नाही, असा माझा समज होता.

दुसऱ्या डोसनंतर केस गेले. तिसऱ्यानंतर तोंडात फोड आले, भाताची पेजसुद्धा गिळवेना. चौथ्या डोसची तारीख चार दिवसांवर आली आणि एका सकाळी ती अंगणात बसल्या बसल्या म्हणाली, "मी नाई जात आता."

"काऊन?"

"रोवणा लागला. साऱ्या बाया आपल्या बांधीत येतीन अन् मी कोणाच्याच बांधीत नाई. मी फुकटचं घेत नाई कोणाचं."

रोवणा म्हणजे धानाची रोपं उपटून चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे शेताच्या बांध घातलेल्या तुकड्यात, जुडी जुडी लावायची. हे काम बायांचं. आम्ही पुरुष नांगर, ट्रॅक्टर चालवणार, रोपांच्या पेंढ्या वाहून देणार आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून हुकूम सोडणार. आमच्या गल्लीत बारा घरांचं ठरलेलं आहे. प्रत्येक घरातून एक बाई, आज हिच्या बांधीत, उद्या तिच्या. मजुरीचं नाव नाही. जिला जमत नसेल तिने लेक पाठवावी, सून पाठवावी. आमची एकच लेक, तीही लांब सिरोंच्याकडे दिलेली आणि नुकतीच बाळंत झालेली. बायकोला तर डॉक्टरांनी चिखलात पाय घालायलाच मनाई केली होती. अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या, साधा काटा टोचला तरी जिवावर बेतलं असतं. बाया घरी येऊन म्हणाल्या होत्या, "तुयं आमी लावून देऊ वं, त्यात काय?" नेमकं तेच तिला लागलं. लग्न होऊन आली तेव्हापासून त्या ओळीत सगळ्यांत पुढे तीच असायची.

मी भडकलो. जन्म स्टेअरिंगवर गेला, हॉर्न वाजवल्याशिवाय मला बोलता येत नाही. "धान मोठं का जीव मोठा? तारीख चुकवू नका म्हणून डॉक्टरनं बजावलं ना!"

तिचा आवाज काही चढला नाही. "तुमाले काय जाते बोलाले? खुर्चीत मले बसा लागते. सुई मले टोचते." मग म्हणाली, "थकली मी जी. खरंच थकली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोवणा हा बहाणा होता. ती हिंमत हरली होती. मी इतका घाबरलो की तोंडाला येईल ते बोलून गेलो. "ड्रायव्हर आजारी पडला त डेपोत बदली ड्रायव्हर असते. तुयी बदली मी. साऱ्याइच्या बांधीत मी रोवतो. पण तू एकबी डोस चुकवायचा नाई. बोल, मंजूर?"

तिने माझ्या पोटाकडे पाहिलं. "तुमी? अरे बापा! बुटाची लेस मी बांधून देत होती तुमची, अन् तुमी वाकून रोवणार!" आणि ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मी बांधीत उतरलो. अकरा बाया आणि मी. त्यांत सगळ्यांत वडील होती ती मोठीमाय, गल्लीतल्या सगळ्यांची मोठीमाय. ती म्हणाली, "भाऊ, पहिले पॅन्ट वर करा." रोवताना मागे मागे सरकावं लागतं. मी बढाई मारली, की बत्तीस वर्षं रिव्हर्स मारला आहे, मला काय शिकवता! अर्ध्या तासात बाया पार मागच्या धुऱ्याजवळ पोचल्या आणि मी अजून मधेच. कंबर मोडली, ओळ नागासारखी वाकडी गेलेली.

मग त्यांनी मला कोंडलं. ही रोवण्यातली जुनी खोडी आहे. जी मागे पडते तिच्या पाठीमागची मोकळी जागा बाकीच्या झपाझप लावून टाकतात. चारी बाजूंनी कोवळी रोपं आणि मधे ती एकटी, तुडवल्याशिवाय निघायला वाट नाही. चहा आणि आलुबोंडे कबूल केले तरच सुटका. "कोंडला, भाऊले कोंडला!" अशी बोंब झाली आणि सगळी बांधी खदखदून हसली.

धुऱ्यावर खुर्ची टाकून, डोक्याला स्कार्फ बांधून, छत्री धरून ती बसली होती. एवढी हसली की छत्री हातातून पडली. हसता हसता तोंडावर पदर गेला आणि खांदे हलायला लागले. ती रडत होती. मला तिच्याकडे धावत जायचं होतं, पण चारी बाजूंनी रोपं. मी हातात जुडी घेऊन तसाच उभा राहिलो.

चौथ्या डोसच्या दिवशी ती माझ्याआधी तयार होऊन फाईल घेऊन दारात उभी होती.

दवाखान्यात तिच्या हाताला केमोच्या लाल औषधाची नळी लागली. मी शेजारी बसलो होतो. माझ्या बोटांची सालं निघाली होती, नखांत चिखल होता. तिने माझी बोटं पाहिली आणि विचारलं, "दुखते का?" चिखलात मी तिच्या बदली जाऊ शकलो, त्या खुर्चीत नाही. तिच्याऐवजी मी बसतो म्हटलं असतं तर कोणी बसू दिलं नसतं. मी बाथरूममध्ये जाऊन भडाभडा रडलो. परत आलो तर ती विचारते, "बायाइले आलुबोंडे दिले का नाई? का तसेच पळून आले?"

सहाही डोस झाले. केस परत आले, तेही कुरळे. तपासणीची तारीख जवळ आली की दोघांच्याही घशाखाली घास उतरत नाही, ते अजून तसंच आहे. यंदा डॉक्टरांना विचारून, ऑपरेशनच्या बाजूच्या डाव्या हातात लांब रबरी मोजा आणि पायांत गमबूट घालून ती बांधीत उतरली. मी पेंढ्या फेकत होतो.

पाव तासातच ती मागे पडली. धाप लागत होती. बायांनी ते पाहिलं आणि त्यांचे हात मंदावले. कोणी पदर खोचू लागली, कोणी चिखलातला काडीकचरा वेचू लागली. तिला कोणी कोंडेना.

ती सरळ उभी राहिली. "काऊन थांबल्या?"

एकीने वेचलेली काडी उगाच धुऱ्याकडे फेकली.

"मागं राह्यली ना मी? दुसरं कोणी असतं त सोडलं असतं का? मंग मले काऊन सोडता? मी का मेली आहे? कोंडा मले!"

माझ्या हातातली पेंढी हातातच राहिली. मग मोठीमायने दंडाने डोळे पुसले, तिच्या पाठीमागे गेली आणि वाकून पहिली जुडी लावली. मग दुसरी. मग सगळ्याच धावल्या. बघता बघता चारी बाजूंनी हिरवं झालं आणि मधे ती उभी, गालावर चिखल, कंबरेवर हात.

"ओ जी," ती माझ्यावर ओरडली, "पाहून काय राह्यले? आलुबोंडे आणा ना!"

मी धुऱ्यावरून निघालो. डोळे भरल्यामुळे पाय कुठे पडतो ते दिसत नव्हतं. मागून परत तिचाच आवाज आला, "मोजून आणा! बारा जणी आहो आमी!"