तात्यांनी खाली आणलेलं लेणं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि माझ्या पोटात काही राहत नाही अशी आमच्या घरात माझी ख्याती आहे — आयुष्य गाईडगिरीत गेलेला माणूस, दुसरं काय होणार? पण ही एक गोष्ट राहिली. आज तुम्ही समोर आहात, मी सुरुवात केलीय, तर आता मधेच थांबणार नाही. फक्त मला जरा लांबून यावं लागेल. एकदम तिथंच येऊन उभं राहणं मला जमत नाही — मी करून पाहिलंय.

तात्यांपासून सुरुवात करतो. त्यांच्याविषयी बोलायचा मला कधी कंटाळा येत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

मी मूळचा नामपूरचा. कांद्याच्या मार्केटात वडिलांच्या मागे उभं राहायचं नव्हतं म्हणून नाशिकला आलो, इतिहास घेऊन बी.ए. झालो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चिकटावं म्हणून बरेच खेटे घातले, ते काही जमलं नाही. शेवटी नव्वदच्या सुमारास एका ट्रॅव्हलवाल्याकडे लागलो. त्याची अर्ध्या दिवसाची सहल असायची — एक कुटुंब, एक गाडी, एक गाईड. सकाळी हॉटेलातून पाहुण्यांना उचलायचं, पांडवलेणी दाखवायची, जेवणाच्या वेळेला परत आणून सोडायचं. तिथले जुने गाईड म्हणजे तात्या. मखमलाबादकडे त्यांची गुलाबाची बाग. पहाटे फुलं मार्केटला घालायची आणि मग इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवून डोंगराच्या पायथ्याशी हजर. खिशात कायम एक गुलाब. तो पाहुण्यांतल्या बाईला नाही, बाप्याला द्यायचे. "बायांना कोणीबी देतं," म्हणायचे.

मी त्यांच्या हाताखाली शिकलो. शिकलो म्हणजे काय — मागे मागे फिरलो आणि ऐकलं. सनावळ्या मला त्यांच्यापेक्षा जास्त पाठ होत्या, हे मी तेव्हाही लोकांना ऐकवायचो. पण मी सनावळ्या सांगायला लागलो की पाहुणे घड्याळ बघायचे, आणि तात्या नुसते खांबाला टेकून उभे राहिले तरी माणसं त्यांच्याभोवती गोळा व्हायची. असं का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तीन नंबरच्या लेण्याला जमिनीतून अर्धे वर आलेले यक्ष आहेत ना, खांद्यावर सगळा भार घेतलेले — तिथं तात्या त्यांच्यासारखेच खाली बसायचे, खांदा पुढे करायचे आणि म्हणायचे, "दोन हजार वर्षं झाली, एकानंबी अजून खांदा बदलला नाय." लहान पोरं लगेच शेजारी बसून खांदा लावायची. एकदा एक पोटसुटे बँक मॅनेजरसुद्धा बसले होते. त्यांना उठवताना मात्र आमची दमछाक झाली.

त्याच लेण्यात तो मोठा शिलालेख आहे. सातवाहन राजाच्या आईनं आपल्या मुलाचं कौतुक त्यात कोरून घेतलंय — तो किती शूर, किती दयाळू, आईच्या शब्दात कसा राहणारा. तात्या ते सगळं सांगायचे आणि मग आवाज खाली आणायचे. "पण हे कवा कोरलं? ल्योक गेल्यावर. नातू गादीवर बसल्यावर. त्याच्या कानावर यातलं काय पडलं असंल का हो?" एवढंच. पुढे काही नाही. त्यानंतर खाली उतरलेले पाहुणे आधी एसटीडी बूथ शोधायचे. कुणाला आईला फोन करायचा असायचा, कुणाला भावाला. मी स्वतः पाहिलंय.

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. तुम्ही म्हणाल, मग त्यातून काय घेतलंस? तेच सांगतोय.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात इंदूरहून एक मराठी जोडपं आलं. नवरा डॉक्टर, बाई शाळेत शिकवणाऱ्या. डॉक्टरांना दम्याचा जबर त्रास. थोड्या पायऱ्या चढले आणि बसलेच. चेहरा पडला होता. लहानपणापासून ही लेणी बघायची होती म्हणे, आणि आता पायऱ्यांसाठी छाती साथ देईना. बाई म्हणाल्या, परत जाऊ. तात्या म्हणाले, "तुम्ही जा वर, ताई. हा आमचा पोऱ्या दाखवंल. डाक्टर आणि मी हितं बसून बघतो."

पोऱ्या म्हणजे मी. तिशीला टेकलेला. ते असो.

मी बाईंना वर नेलं, सगळी लेणी दाखवली, सनावळ्यांसकट. खाली आलो तर काय? डॉक्टर डोळे मिटून बसलेले, एक हात पायरीशेजारच्या खडकावर, आणि तात्या हळूहळू बोलतायत. "हात काढू नका. वर बी हाच दगड हाय, फक्त पोखरलाय. आता वऱ्हांडा संपला, आत या — डोकं जपा. गार लागलं?" आणि डॉक्टर मान हलवून म्हणाले, लागलं. त्या उन्हात. परतताना गाडीत नवरा-बायको लेण्यांवर बोलत होते, आणि बाईंना न दिसलेल्या गोष्टी डॉक्टर त्यांना सांगत होते! त्या वर जाऊन आल्या होत्या माझ्याबरोबर. हे पायरीवर बसून आले होते तात्यांबरोबर.

निघताना डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी चढून येणार. तात्या म्हणाले, या, मी थांबतो. इंदूरहून येताना काय आणू, असं डॉक्टरांनी विचारलं, तर तात्या म्हणे, शेव आणा, लवंगेची.

मला तात्यांचा हेवा वाटत होता का? हो. पण हेव्याबरोबर त्यांचं वेडही होतं. त्यांच्यासारखी मान कलती करून उभं राहायचा प्रयत्न मी घरी आरशासमोर करायचो. या दोन गोष्टी एकाच पोटात कशा राहतात, मला विचारू नका — राहतात.

पुढे तात्यांचे गुडघे गेले. डोंगर सुटला. ते बागेतच खुर्ची टाकून फुलांच्या जुड्या बांधत बसायचे, आणि मी मुख्य गाईड झालो. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याकडे जायचो. चहा झाला की त्यांचा ठरलेला प्रश्न — "इंदूरचे डाक्टर आले का रे?" मी नाही म्हणायचो. "येतील. त्यांच्या पायऱ्या राहिल्यात."

आणि मग दोन हजार एकच्या आसपास, थंडीचेच दिवस, त्या बाई आल्या. एकट्याच.

हॉटेलच्या व्हरांड्यात मी त्यांना पाहिलं आणि ओळखलं. कपाळ मोकळं होतं. मांडीवर पिशवी. मी नमस्कार करून नाव सांगितलं, तर त्या माझ्या मागे बघायला लागल्या. "तात्या कुठे आहेत? मी फोनवर बिलकूल स्पष्ट सांगितलं होतं, मला तात्याच हवेत." मी म्हणालो, बाई, मागच्या वेळी तुम्हाला वर मीच नेलं होतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आठवायचा प्रयत्न केला — मनापासून केला, तोच तर लागला मला — आणि म्हणाल्या, "हो का? नाही आठवत हो."

बस. एवढंच झालं होतं.

मखमलाबाद तिथून गाडीनं कितीसं लांब? चला, तात्या घरी आहेत, एवढंच म्हणायचं होतं. गाडी दारात उभी होती. ड्रायव्हरला घर माहीत होतं. आणि मी म्हणालो, "तात्या वारले, बाई. दोन वर्षं झाली."

घसरून बोललो असं नाही. दोन वर्षं झाली, हे मी कुणी न विचारता जोडलं. कशानं, असं त्यांनी विचारल्यावर हृदयविकारानं, हेही सांगितलं. त्या दिवशी मला त्या बाई माझ्या पाहुण्या म्हणून हव्या होत्या. एकदा तरी कुणी मला तसं ऐकावं, जसं तात्यांना ऐकतात. त्यासाठी मी जिवंत माणूस मारला.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, तरीही जाऊ.

वर जाईपर्यंत मी एकही सनावळी सांगितली नाही. तीन नंबरच्या वऱ्हांड्यात त्यांनी दगडावर हात ठेवला आणि त्याच बोलायला लागल्या. डॉक्टर वर्षापूर्वी गेले होते. शेवटचे महिने हॉस्पिटलात, श्वास पुरेना. रात्री घाबरायचे. तेव्हा पलंगाशेजारच्या भिंतीला हात लावायचे, डोळे मिटायचे आणि तात्यांच्या शब्दांत एकेक पायरी चढायला लागायचे. वऱ्हांडा संपला, डोकं जपा, आता गार. मग श्वास संथ व्हायचा. औषधानं होत नव्हतं ते त्यानं व्हायचं, असं बाई म्हणाल्या. "ज्याला डोंगर चढता येत नव्हता त्याच्यासाठी त्या माणसानं डोंगर खाली आणून दिला. हे मला त्यांना एकदा सांगायचं होतं. त्यासाठीच आले होते हो मी. उशीर केला."

मी तिथंच उभा होतो. समोर सगळं नाशिक उन्हात पडलेलं, आणि त्याच्या पलीकडच्या कडेला मखमलाबाद. त्या वेळी तात्या खुर्चीत बसून जुड्या बांधत असणार. बाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, आता दोघं भेटले असतील.

तेव्हाही सांगता आलं असतं, नाही का? खाली उतरायला वेळ लागतो. पायऱ्या भरपूर आहेत. प्रत्येक पायरीवर मी आता सांगतो, आता सांगतो असं करत खाली आलो, आणि गाडीचं दार उघडून धरलं.

जाताना त्यांनी पिशवीतून लवंगेच्या शेवेचा पुडा काढून माझ्या हातात दिला. आता तुम्हीच खा, म्हणाल्या. आपला पत्ताही दिला, इंदूरला आलात तर या म्हणून. शेव मी घरी नेली. पोरांनी खाल्ली. मीही खाल्ली, चांगली होती.

त्यानंतर तात्यांकडे गेलो तर पुन्हा तोच प्रश्न. इंदूरचे डाक्टर? मी नाही म्हणालो. विसरले असतील, असंही एकदा म्हणून पाहिलं. तात्या हसले. "तो विसरणारा माणूस नाय रे." बाईंचे शब्द माझ्या जिभेवर होते. फोन आला होता अशी थाप मारून का होईना, ते त्यांच्यापर्यंत पोहोचवता आले असते. पण मग ते म्हणाले असते, बाईंशी बोलायचंय, लाव फोन. म्हणून मी गप्प राहिलो. तात्या त्यानंतर चारपाच वर्षं जगले, आणि प्रत्येक भेटीत त्यांनी विचारलं.

ते गेले तेव्हा दहाव्याला गोदाकाठी बरीच माणसं जमली. जुने ड्रायव्हर, फुलमार्केटातले लोक, पायथ्याचे काकडीवाले. कुणीतरी मला म्हणालं, तुम्ही त्यांचे शिष्य, दोन शब्द बोला. मी उभा राहिलो. आणि काय बोललो? "ज्याला डोंगर चढता येत नव्हता त्याच्यासाठी तात्यांनी डोंगर खाली आणून दिला." माझंच वाक्य असल्यासारखा बोललो. मान कलती करून, आवाज खाली आणून. माणसं रडली. काकडीवाला रडला. बोलून झाल्यावर दोघातिघांनी माझा हात हातात घेतला — खरं सांगतो, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला तसं ऐकलं होतं.

मग अनसूयाकाकू जवळ आल्या, तात्यांच्या पत्नी. डोळे पुसत म्हणाल्या, "लय चांगलं बोललास. त्यांच्या कानावर पडायला पायजे व्हतं रे."

आणि पुढे म्हणाल्या, "त्या इंदूरच्या डाक्टरांना कळवायला पायजे. लय आठवण काढायचे त्यांची. तुझ्याकडं पत्ता असंल ना?"

मी हो म्हणालो. कळवतो म्हणालो.

इंदूरला मी ते केव्हाच कळवलेलं होतं — तात्या बागेत खुर्ची टाकून त्यांची वाट बघत असताना.